रेघेच्या अलीकडे

ठराव चार विरुद्ध तीन मतांनी पास झाला.
राइस मिलच्या टिनाखाली, कोंड्याच्या पोत्याला टेकून
मी नोंदवहीत लिहिलं:
शालिक आत्राम यांस मुख्य प्रशिक्षक नेमण्यात येत आहे,
मानधन ठरायचं आहे.
मला मत नव्हतं. मी मैदानावर चुना मारतो,
आणि अक्षर बरं म्हणून नोंदी ठेवतो.

वामन ढेंगळे अडून बसला होता.
'कामठीचे अन्सारी सर याले तयार हायेत,
एसटीचं भाडं अन् दोन टाइम जेवण.
त्यायच्याजवळ कागद हाय. शालिकजवळ काय हाय?'
मागून कोणी तरी म्हणालं, 'गोल हाय ना बे.'
सगळे हसले, आणि तिथंच मत फिरलं.

तो गोल.
बल्लारपूरच्या टीमवर, मोडलेल्या अंगठ्यानं.
गावात तेव्हा होती त्याच्या दुप्पट माणसांनी तो पाहिलाय.
मीही पाहिला म्हणून सांगतो.
खरं तर घमेलं धुवायला बोडीवर गेलो होतो,
नुसता गलका ऐकला.

पहिल्या दिवशी पोट्टे रांगेत उभे.
शालिकनं बॉल ठेवला, दोन पावलं मागं सरला, मारला.
बॉल मोहाच्या झाडाअलीकडून वळला,
संध्याकाळी बैल घराकडं वळतो तसा, कोणी न हाकलता.
'असं,' तो म्हणाला.
'म्हणजे कसं?' रोशन कुळमेथे.
'काहून, दिसलं नाही काय तुले? असं!'
पुन्हा मारला. पुन्हा तसाच वळला.
पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या.
शिकलं कोणीच नाही.

बोडीत जन्मभर पोहलेल्याला
पाणी कसं कापायचं ते कोण विचारतं?
आणि विचारलं तर तो काय सांगणार,
हात आपोआप जातो म्हणेल.

राजुऱ्याला पाच गोल खाल्ले, सिंदेवाहीला तीन.
शालिक रेघेवर उभा राहायचा,
बॉल डावीकडं आला की त्याचा पाय उचलायचा,
नकळत एक पाऊल आत.
रेफरीनं दोनदा हटकलं.
मॅच संपली की तिथं माझी रेघ नसायची,
नुसत्या टाचा.

एकदा मी ती पुन्हा ओढत होतो. तो शेजारी उकिडवा बसला.
'तू इतके वर्षं इथून पाह्यतं. तुले काय दिसते?'
मला कोणी असलं विचारलेलं नाही.
म्हटलं, 'रोशन पास द्यायच्या आधी तुझ्याकडं पाह्यतो.
बॉलकडं नाही.'
तो गप्प झाला.
'मीबी पाह्यत होतो,' मग म्हणाला,
'कोणाकडं, ते आठवत नाही.'
गुडघा चोळला, आणि म्हणाला, 'चुना दे जरा.'

बुटाच्या आतल्या बाजूला त्यानं चुना फासला
आणि हळू, आयुष्यात पहिल्यांदा इतक्या हळू, बॉल मारला.
उचलून आणला.
काळपट कातड्यावर, शिवणीच्या खाली,
नखाएवढा पांढरा डाग.
स्वतःच पाहत राहिला, जणू दुसऱ्याचं काही सापडलं.

दुसऱ्या दिवशी अठरा पोट्टे,
छत्तीस पांढरे पाय, सगळं मैदान ठिपक्यांचं.
'असं' हा शब्द नाही आला त्याच्या तोंडून.
'इथं,' म्हणत होता, बोट ठेवून. 'इथं. मंग इथं.'
रोशनचा बॉल वळला नाही.
पण कुठं चुकला ते रोशनला दिसलं.

नागभीडला तरी हरलोच, दोन-एक.
वामननं पुढच्या मीटिंगला
अन्सारी सरांचा विषय पुन्हा घ्यायला लावलाय.
त्याचंही चूक नाही.
राजुऱ्याचे पाच गोल मीच मोजून लिहिलेत.

या महिन्यात चुन्याची दोन पोती जास्त लागली.
मैदानाच्या खर्चात टाकू
की शिकवणीच्या,
विचारायचं राहून गेलं.